बोटांची सुट्टी

शाळेत मी नापास व्हायचो. आठवीनंतर शाळा सुटली आणि नापास होणंही सुटलं. त्यानंतर इतक्या वर्षांनी माझी बोटं नापास होतील, असं काही मला वाटलं नव्हतं.

चांदूर रेल्वे गावचा माझा मावसभाऊ पोलंडमध्ये मशरूमच्या शेडवर कामाला होता. त्यानं मालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि वर्क परमिट काढून पाठवलं. हा त्याचा उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता उरला होता फक्त व्हिसा. त्यासाठी नागपूरच्या केंद्रात दहा बोटांचे ठसे द्यायचे होते. काचेवर बोट ठेवायचं, पडद्यावर रेषा उमटतात. माझ्या उमटेनात. बाळापूरजवळ आमचा भाजीपाला. कांदे उपटून, हातानं युरिया फेकून, मेथीच्या जुड्या बांधून रेषा झिजून गेल्या होत्या.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आठ-दहा दिवस हातांना आराम द्या. मऊ करून या."

मी तिशीतला माणूस. पण काका म्हटल्याचं वाईट वाटायलाही जीव जागेवर नव्हता. परमिटवर शेवटची तारीख होती. ती उलटली तर कागद वाया, आणि मावसभाऊ मालकासमोर खोटा पडणार.

घरी आलो आणि सांगितलं. बायकोनं त्याच घडीला माझ्या हातातून पाण्याचा गडू काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बोटांना सुट्टी लागली. सकाळी साय, दुपारी खोबरेल तेल, संध्याकाळी आईच्या हातचं तूप, आणि वरून पायमोजे, हातांत. शेजारची काकू एरंडीचं तेल घेऊन आली आणि बसूनच राहिली, कारण पायमोज्यांतल्या हातांनी चहा पिणारा माणूस तिनं आधी पाहिला नव्हता.

"लग्नात एवढी हळद नोती लागली याले," बाबा म्हणाले.

बाबांना एकट्यालाच माल घेऊन अकोल्याला जुन्या शहरातल्या बाजारात जावं लागत होतं. तिथं लोक विचारत, पोरगं कुठी हाये. बाबा सांगत, "घरी बोटं पिकवून राहिला." हे त्यांनी स्वतःच घरी येऊन मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं.

मला मात्र चैन नव्हती. रेषा आल्या की नाही, हे कळणार कसं? बोट उन्हात धरून पाहायचो. बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, "आल्या न," आणि वळून भाकर थापायची. शेवटी मला रेशन दुकान आठवलं. तिथं अंगठा लावायची मशीन असते. जाऊन रांगेत उभा राहिलो.

दुकानदार म्हणाला, "तुमचं धान्य तं तुया मायनं नेलं ना बे."

"धान्य नाई पायजे. नुसता अंगठा लावू द्या."

"काहून?"

"पाहाचं हाये, लागते का."

मागे रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आमी दोन घंट्यापासून उभ्या, अन् हा हौसेनं अंगठा लावाले आला."

दुकानदारानं दया दाखवली. मी पायमोजा काढला, अंगठा ठेवला. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. मग म्हातारीनं मला बाजूला सारून तिचा अंगठा ठेवला, तोही नाही. दुकानदारानं स्वतःचा ठेवला. "सर्व्हर गेलं," तो म्हणाला. रांग माझ्याकडे पाहायला लागली, जसं काही सर्व्हर मीच घेऊन गेलो. माझा निकाल तसाच लटकत राहिला.

त्याच आठवड्यात टमाटे एकदम लाल झाले. आई, बाबा आणि बायको तोडायला लागले आणि मी बांधावर, पायमोजे घालून. हात चालत नव्हते म्हणून तोंड चालवत होतो: ते राहिलं, तिकडचं पाहा, भरलेले कॅरेट सावलीत ठेवा.

बाबांनी कंबर सरळ केली. "अबे, तोंडाचे ठसे घेतले असते तं तू पयल्याच दिवशी पास झाला असता."

बायको टमाट्यांच्या ओळीत खाली बसून हसली. मी उतरायला गेलो तर आईनं तिथूनच दटावलं, "हात लावशीन तं पाहाय." मी परत बांधावर. आयुष्यात एवढा थकवा मला कधी आला नव्हता.

नागपूरला जायच्या पहाटे आईनं उरलंसुरलं सगळं तूप चोळून दिलं. केंद्रात काचेवर बोट ठेवलं आणि ते सरळ सरकत पलीकडे गेलं. मुलगीही तीच होती. तिनं काच पुसली, पुन्हा पुसली.

"काय लावलंय?"

"तूप."

तिनं काच तिसऱ्यांदा पुसली. मग म्हणाली, "साबणानं धुऊन या. आणि आल्यावर बोट जरा कपाळावर घासा, तेवढा ओलावा पुरतो."

मी धुऊन आलो. एकेक बोट कपाळावर घासत गेलो. मागच्या लोकांना वाटलं असेल, नवस फेडतोय. रेषा उमटायला लागल्या. फिक्या, पण उमटल्या. डावी करंगळी तेवढी अडून बसली. मुलीनं ती स्वतःच्या हातानं धरून काचेवर दाबून ठेवली, आणि मी श्वास धरून. आली. मी तिला इतक्यांदा थँक्यू म्हटलं, की तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

पोलंडच्या शेडमध्ये गारवा असतो, हातमोजे असतात, आणि मशरूम असं धरावं लागतं की त्याला कळू नये. कांदे उपटणारा माणूस मी. पहिल्या दिवशी पेटीभर चुरा केला. आमच्या मुकादम बाईंनी रागावायच्या ऐवजी माझा हात धरून शिकवलं. असे लोक मला भेटत गेले, हे खरं. मी फक्त घाबरत गेलो.

पुढे तिथं राहायच्या कार्डासाठी पुन्हा ठसे द्यायची वेळ आली. सवयीनं रात्री तेल लावलं, सकाळी साबणानं धुतलं, ऑफिसात कपाळावर बोट घासायच्या तयारीत राहिलो. बोट टेकलं न टेकलं, तर काचेपलीकडच्या माणसानं मान हलवली. झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आले?" बाबांनी विचारलं.

"हाव. पयल्याच बारीला."

"कपाळ न घासता?"

"त्याले तं घाईच होती, बाबा. टेकवलं का आलं."

"मंग हात मऊ झाले तुये. इकडच्या कामाचा तं तू आता राहिला नाई," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

हे ते थट्टेनं म्हणाले की खरंच, ते फोनवर कळलं नाही. आई जेवणाचं विचारत होती, मी हो-हो म्हणत होतो. फोन ठेवल्यावर तिथंच फुटपाथवर उभा राहिलो. कार्डाचं काम झालं होतं. घाबरायला काहीच उरलं नव्हतं, आणि तशा माणसानं कुठं जायचं असतं, ते मला सुचेना.