आठची गोळी

मुलांनो, नव्वद सालानंतर सुरतेत आमच्या शेजारी कापडाचे लूम दुरुस्त करणारा एक खानदेशी फिटर राहायचा. त्याला बहिणीचं मूत्रपिंड बसवलं होतं. चालताना हात सतत पोटाच्या उजव्या बाजूवर, कडेवर मूल असल्यासारखा.

एकदा त्याच्या औषधावरचा इंग्रजी लेख मी वाचून दाखवला. परक्या अवयवावर तुटून पडणाऱ्या पेशींना ते निजवतं. त्यांना आवरणाऱ्या पेशींनाही कदाचित.

“म्हणजे भांडणारे झोपले अन् मिटवणारेबी. गोळी सोडली तर मिटवणारे उठतील ना, मावशी?”

“आधी कोण उठेल, सांगता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो गोळी घेऊन दारात उभा. “तुमच्यासमोरच घेत जाईन. एकटा असलो की सोडून बघावी वाटते.”

तेव्हापासून त्याला पाच मिनिटं उशीर झाला, तरी मी त्याचं दार वाजवायला निघत असे.