भालाझुंजीतलं कापड

सोन नदीकाठच्या आमच्या गावात भालाझुंजीच्या मैदानात मधोमध दोर ताणून त्यावर जाड कापड सोडत. एक स्वार या अंगाला, दुसरा त्या अंगाला, भाले रोखून समोरासमोर दौडत येत. घोडे एकमेकांवर आदळू नयेत एवढंच त्याचं काम. त्या आडोशाला म्हणत ‘त्वाल’, म्हणजे आमच्या बोलीत नुसतं कापड.

ते शिवायची विधवा पेरनेत. पोटचं मूल देवानं नेलं, तेव्हा गढीच्या मालकाच्या मुलाला, ओदेला, तिनं अंगावर पाजलं. तो ओदे आज पहिल्यांदा झुंजणार होता. ती भल्या सकाळीच मैदानात जाऊन शिवण चाचपत बसली.

दोर ताणणारा तिचा दीर गिलेम हसला. “वहिनी, आज काय बिशप येणार आहेत टाके मोजायला?”

“दोर दहिवरानं भिजलाय, भावोजी.”

“म्हणून तर ताठ बसलाय. बघ, कापड जमिनीपासून वीतभर वर आहे.”

तेवढं बघून गिलेम निर्धास्तपणे वाईन प्यायला गेला. मग ऊन तापलं. भिजून आखडलेला तागाचा दोर सुकला तसा सैल पडला. शिंग वाजलं तेव्हा पेरनेतला दिसलं, मधोमध कापडाची किनार धुळीत लोळतेय. धावत्या घोड्याचा खूर त्यात अडकला की चिलखतासकट स्वार घोड्याखाली.

“भावोजी, दोर ओढा,” ती कुंपणापाशी परतलेल्या गिलेमला म्हणाली.

“आता? शिंग वाजल्यावर कुंपणाआत गेलेल्याचा हात तोडतात, ठाऊक आहे ना? थोडा झोळ असायचाच.”

तिनं देवमातेचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण पुढचे शब्द सुचेनात. ती तशीच कुंपणाखालून आत सरकली, लोळणारं कापड दोन्ही हातांनी गोळा करून छातीशी धरलं आणि डोळे गच्च मिटले. जमीन हादरू लागली. घोड्याचा फेस तिच्या डोक्यावरच्या फडक्यावर उडाला. भाल्याचं लाकूड कडाडलं.

डोळे उघडले तर ओदे खोगिरावर होता. तिचे हात मात्र शिपायांनी पकडले होते.

“सोडा तिला,” ओदे घोड्यावरूनच म्हणाला. “तिचं दूध प्यालोय मी. हात तोडायचाच तर आधी माझा तोडा.”

पंचांनी धुळीनं माखलेली किनार पाहिली आणि तिला जाऊ दिलं.

पुढच्या वर्षी गढीवाल्यांनी त्या जागी फळ्या ठोकल्या. लोक त्यांनाही त्वालच म्हणत राहिले.

“तुझं काम गेलं, नाव तेवढं राहिलं,” गिलेमनं चिडवलं.

“राहू दे. फळ्यांना झोळ पडत नाही.”

असं ती म्हणायची खरी. पण झुंजीच्या दिवशी शिंग ऐकू आलं की हातातली सुई थांबायची, आणि घोडे थांबल्याचं कुणी येऊन सांगेपर्यंत ती श्वास रोखून बसायची.