डबल बेल

काका रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी टेबलावर दोनदा टकटक करत. टक, टक. मगच कप उचलला जाई. घराला कुलूप लावलं की चौकटीवर, मावशीने कुकर चढवला की ओट्यावर, सगळीकडे तेच. "झोपतानासुद्धा उशीवर दोन चापट्या मारतात," मावशी सांगायची. "त्याशिवाय झोप स्टँडवरून हलत नाही."

मावशीचे यजमान म्हणून आमचे काका. चौतीस वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली, एक म्हणजे थांबली. उरलेलं जग त्यांनी या दोन खणांत कसंबसं बसवलं होतं.

या चौतीस वर्षांत ते बसमध्ये कधी बसले मात्र नाहीत. लग्नानंतर महिन्याभराने मावशी नवे कपडे घालून, केसांत फूल माळून मुद्दाम त्यांच्या बसमध्ये चढली. काकांनी तिकीट फाडून तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, दारात उभ्या राहू नका. पुढे सरका."

तो 'ताई' मावशीने जपून ठेवला होता. भांडणात बाकी मुद्दे संपले की तो बाहेर निघायचा.

काका निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात दोघं तीन दिवसांसाठी दक्षिणेतल्या एका शहरात गेली. नदीकाठचं शहर, रंगीत सज्जे, चौकाचौकात वाजंत्री. मावशीची मागणी एकच होती. तिथे वरून उघडी, दुमजली बस शहर दाखवते. त्या बसमध्ये काकांनी तिच्या शेजारी बसायचं. अख्खी फेरी. उभं राहायचं नाही.

"एवढंच ना?" काका म्हणाले.

"एवढंच. बघू जमतंय का."

पहिल्या दिवशी हॉटेलच्या लिफ्टमध्ये काकांनी चार अनोळखी माणसांना "आत सरका, मागे जागा आहे" म्हणून भिंतीला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी चौकात गाणं ऐकायला जमलेली गर्दी त्यांनी दोन रांगांत लावली. गाणारा इतका चपापला की कडवं विसरला. बसचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं, आणि संध्याकाळी परतीची गाडी.

तिसऱ्या दिवशी काका खरंच बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. जिन्याशी घंटीचं बटण होतं. शहराची माहिती सांगणारी मुलगी सगळे चढले की ते दोनदा दाबायची. काकांना माहेरी आल्यासारखं झालं. सवयीने त्यांनी माणसं मोजली. सत्तावीस.

"मोजलंत ना?" मावशीने विचारलं.

"छे. नजर गेली."

बाजारापाशी बस दहा मिनिटं थांबली. मावशी आइस्क्रीम आणायला उतरली. "तुम्ही जागा धरा. उठू नका," असं बजावून गेली. माहिती सांगणारी मुलगीही कोणाची तरी राहिलेली टोपी आणायला खाली गेली. माणसं परत चढू लागली आणि एका जाडजूड गृहस्थाने घाम पुसत काकांनाच विचारलं, "सावलीत जागा मिळेल का हो?"

इथे काकांचा तोल गेला. त्यांनी गृहस्थांना सावलीत बसवलं, एका बाईची पिशवी बाकाखाली सरकवली, डोकी मोजली. सव्वीस. एक कमी. मग त्यांना आठवलं की आज आपणही प्रवासी आहोत. कंडक्टर स्वतःला कधी मोजत नाही. सकाळीही त्यांनी मोजलं नव्हतं. आता मात्र प्रामाणिकपणे मोजलं. सत्तावीस. हिशेब जुळला.

टिंग टिंग.

बस निघाली. काका समाधानाने जागेवर येऊन बसले आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्यांचं लक्ष गेलं. खाली फुटपाथवर मावशी, दोन्ही हातांत एकेक कोन. शेजारी ती मुलगी, टोपी घेऊन.

काकांनी एक घंटी मारली. पण दिवसभर पोरं ते बटण दाबत असत, म्हणून एका घंटीला ड्रायव्हर भीकच घालत नसे. बस पूल ओलांडून पुढच्या स्टॉपलाच थांबली. काका उतरले आणि उन्हात पुलावरून उलटे पळत सुटले.

पुलाच्या मध्यावर समोरून मागची बस आली. वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या जागेवर मावशी बसली होती. काकांनी हात केला. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं, स्टॉप नसेल तिथे हात करू नये, गाडी थांबत नाही. आता ते दोन्ही हात करत होते.

मावशीसोबत त्याच बसमध्ये चढलेली ती मुलगी म्हणाली, "इथे स्टॉप नाही हो."

"माहीत आहे," मावशी म्हणाली आणि तिने घंटी मारली. एक. हा ड्रायव्हर नवीन होता, थांबला. मागे पाच-सहा गाड्यांनी हॉर्नचा गजर लावला. काका धापा टाकत वर आले आणि दांडा धरून उभे राहिले.

मावशीने वळून पाहिलं.

"दादा, दारात उभे राहू नका. पुढे सरका."

सगळी बस बघत होती. काका खाली मान घालून पुढे आले आणि तिच्या शेजारी बसले.

"माझं आइस्क्रीम?"

"खाल्लं. वितळत होतं."

दोनदा घंटी तिनेच वाजवली. उरलेल्या फेरीत काकांनी शहर पाहिलं की नाही कोणास ठाऊक. मी विचारलं तेव्हा त्यातलं एकही ठिकाण त्यांना सांगता आलं नाही. "बसलो होतो ना," म्हणाले.

टकटक त्यानंतरही सुटली नाही. फरक इतकाच, की हात टेबलापर्यंत जाई आणि थबके. काका आधी शेजारच्या खुर्चीकडे बघत.

नऊ वर्षांनी एका सकाळी मावशी ओट्यापाशी काहीतरी पुसत उभी होती. चहा ओतलेला होता, काकांचा हात टेबलावर तसाच थांबलेला. दुपारी ते झोपेतच गेले. सकाळी त्यांनी तिला एवढंच म्हटलं होतं,

"अगं, तू बस आधी. चहा गार होतोय."