चिकटेनासं झालं की चिकटवा

ऐंशीच्या घरातल्या वडिलांनी जाहीर केलं होतं, माहूरला जाईन तर आपल्या जुन्या ॲम्बॅसिडरमधून, नाहीतर नाही. तिच्या छतावरचं काळं रेक्झिन मात्र लातूरच्या उन्हानं जागोजागी सुटलं होतं. गाड्यांचे सीट कव्हर शिवणारे चाचा मदतीला आले. पत्र्याला आणि रेक्झिनला सोल्युशन फासून ते म्हणाले, "बोटाला चिकटेनासं झालं, की मग चिकटवायचं."

मला वाटलं, चाचा माझी फिरकी घेतायत. ते चहाला गेले आणि मी ओल्या सोल्युशनवरच रेक्झिन मोठ्या थाटात अंथरलं. तासाभरात छतभर फुगे आले.

"पुऱ्या तळून राहिले का, मालक?" चाचांनी परतल्यावर विचारलं.

सगळं उचकटलं, खरवडलं, पुन्हा फासलं. या खेपेला मी निमूटपणे बोट लावून पाहत उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा आहे की नाही, तेच कळेना.

वडिलांनी छतावरून सावकाश तळहात फिरवला. फुगा एकही नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला तर उभं राहवना. उद्याचं राहू दे, परवा निघू."

एरवी मी वाद घातला असता. पण तेव्हा मागच्या सीटवर आडवा झालो.