रहोबोथची भिंत

बत्तीस वर्षं अक्षरांची आखणी नवऱ्याची आणि रंगाची भरणी तिची, असाच दोघांचा पाट्या रंगवायचा धंदा चालला. मग नवऱ्याचा हात थरथरायला लागला. गिऱ्हाइकं दारात यायची, ती एकटीच दिसली की "नंतर येतो" म्हणून काढता पाय घ्यायची. वर्षभर तिच्या वाट्याला 'कुत्र्यापासून सावध' एवढंच आलं.

एका सकाळी निवृत्त नर्सबाई आल्या. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी त्यांनी वसतिगृह बांधलं होतं. दारावरच्या वीतभर पट्टीवर नाव हवं होतं.

"रहोबोथ? हे कसलं नाव?"

"हिब्रू, बायबलमधलं. इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, पाणी लागलं, तर तिथले गुराखी भांडायला हजर. म्हणून त्या विहिरीचं नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, पुन्हा तेच. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तिसरीवर मात्र कुणी हक्क सांगायला आलं नाही. तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा. मी तरुणपणी अकरा खोल्या बदलल्यात, बाई. सामान उचलून उचलून हे नाव पाठ झालं."

पट्टीचं माप लिहायला घेतलेला कागद तिने उलटा ठेवला. "मग ते वीतभर पट्टीत कशाला कोंबायचं? वसतिगृहाची रस्त्याकडची भिंत मोकळीच आहे की."

"एवढी आखणी कोण करणार?"

"मी," ती म्हणून बसली.

नवरा ऐकून उडालाच. "पुरुषभर उंच अक्षरं? कागदावर तरी काढलीस कधी?"

"नाही. चुकलं तर पुसेन."

दुसऱ्या दिवशी ती बांबूची परांची बांधून वर चढली. दोरीला निळीची भुकटी चोळली, भिंतीवर ताणली आणि टण्णकन सोडली. शिरोरेषेची सरळ निळी खूण उमटली. 'र' झाला. 'हो' मात्र हटूनच बसला. जवळून सुबक दिसायचा, खाली उतरून पाहावं तर पोक आलेला! तिने तो दोनदा पुसला. तिसऱ्या वेळी समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेला नवरा ओरडला, "हां! आता हात लावू नकोस त्याला!"

चौथ्या दिवशी परांची सुटली. पांढऱ्या भिंतीवर गडद लाल चार अक्षरं, मध्ये भरपूर मोकळी हवा सोडून, पार चौकातून वाचता येत होती. जाणारे येणारे थांबले. नर्सबाई डोळे पुसत हसत होत्या. शेंबडी पोरं 'रोबोट, रोबोट' करत नाचली. तिने त्यांना नाव नीट म्हणायला लावलं, अर्थासकट.

नवरा खुर्चीवरून उठला. "च्यायला," तो म्हणाला, "एवढा मोकळा हात माझा कधीच नव्हता."

पंधरवड्यात अग्निशमन केंद्राच्या भिंतीचं काम आलं. आता डबे तो उघडतो, रंग तो कालवतो, आणि ती वरून सांगते, "अहो, जरा पातळ करा."