जुळलेलं निदान

दळवी सर गेल्याचा फोन आला, त्याला दीड महिना झाला. शोकसभेत मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी घसा बसलाय म्हणाले... घशाला काहीही झालं नव्हतं.

सर बोरिवलीच्या आमच्या मनोविकार केंद्रात वरिष्ठ मानसतज्ज्ञ होते, मी त्यांच्या हाताखाली नवी. पेशंटशी दोघांनी मिळून बोलायचं, पण निदान आपापल्या कागदावर, एकमेकांना न विचारता लिहायचं, अशी पद्धत. जुळलं नाही तर पुन्हा मुलाखत. एकदा गोराईच्या एक मासळी विकणाऱ्या बाई आल्या. नवरा बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. "रोज संध्याकाळी ते हाक मारतात. जेवलीस का, विचारतात," त्या म्हणाल्या. मी 'शोक' लिहिलं. सर बाईंना सोडायला दारापर्यंत गेले आणि मी त्यांचा कागद पाहिला. स्किझोफ्रेनिया. मी माझं खोडलं, तेच लिहिलं.

"जुळलं की गं!" सर खूश झाले. आमच्या एकमतावर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. बाई दिवसभर झोपून राहू लागल्या, बाजार सुटला. सहा महिन्यांनी सरांना शंका आली, त्यांनी फाइल पुन्हा काढली, नव्यानं तपासणी केली आणि डॉक्टरांशी बोलून गोळ्या हळूहळू बंद करवल्या. मग मला घेऊन गोराईला गेले, हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

"गोळ्यांनी त्यांची हाक गेली ओ," बाई म्हणाल्या. "तेवढीच उरली होती."

परतताना बोटीत सर म्हणाले, "जुळणं वेगळं, बरोबर असणं वेगळं. पण दोघांचं अगदी एकच चुकावं..." आणि थांबले. मी खाडीकडे बघत राहिले.

ते आजारी पडल्यावर शेवटी घरी जाऊन सांगितलं. "सर, तेव्हा मी तुमचं बघून लिहिलं होतं."

"माहितीये. फाइल काढली तेव्हाच दिसलं. खोडलेलं 'शोक' वाचता येत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोटीत वाट बघितली तुझी." मग म्हणाले, "माझ्यासमोर वेगळं लिहायची तुला भीती वाटली, म्हणजे मीच तसा वागत असणार ना..." माझी चूकही त्यांनी स्वतःकडे घेतली. मी ती घेऊ दिली.

गोराईहून आल्यावर सरांनी आमच्या खोलीतली दोन टेबलं स्वतः ओढून दोन कोपऱ्यांत, भिंतीकडे तोंड करून लावली होती. ती अजून तशीच आहेत. परवा नव्यानं रुजू झालेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, टेबलं अशी का हो?"

सरांची पद्धत, असं तोंडावर आलं होतं.

"माझ्यामुळे," मी म्हटलं आणि तिला बसायला सांगितलं.