सेक्कूराच्या स्वयंपाकघरातली उपासना

सेक्कूरा आमच्या प्रार्थनाघरात झाडलोट करायची. साठीला टेकलेली विधवा, अक्षरओळख नाही, चारचौघांत तोंड उघडायची नाही. स्तोत्रं मात्र ऐकून ऐकून तोंडपाठ. काबिल डोंगरातल्या आमच्या गावात आम्ही ख्रिस्ती जेमतेम साठ जण. ती आमच्यात आली त्या दिवसापासून तिच्या थोरल्या भावानं, अकलीनं, तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

एका शनिवारी शिपाई आले आणि परवाना नाही म्हणून प्रार्थनाघराला सील लावून गेले. पाळकांनी रस्त्यावरच उपासना घेतली, तर त्यांनाही उचललं. लोक मान खाली घालून पांगू लागले, तेव्हा सेक्कूरा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "माझं स्वयंपाकघर आहे की! जरा दाटीवाटीनं बसू."

तीन महिने बसलो. मग कुणीतरी चुगली केली.

"कुणाच्या परवानगीनं माणसं जमवतेस?" अधिकाऱ्यानं दरडावलं.

"माझ्या घरी पाहुणे बोलवायला परवानगी लागते, साहेब?"

घराला सील लागलं, तिला सहा महिन्यांची कैद झाली.

कोठडीतल्या बायकांनी विचारलं, "काय चोरलंस गं म्हातारे?"

"चोरलं कुठं? घरात गाणी म्हटली."

"इतका वाईट आवाज आहे?"

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण पहिले काही आठवडे तिनं प्रार्थनाच केली नाही. "देवाशी अबोला धरला होता मी," असं तिनंच मला नंतर सांगितलं. मग मेलखेर नावाची एक तरुण कैदी तापानं फणफणली. औषध मिळेना. दुसरं काही सुचेना म्हणून सेक्कूरानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि एक स्तोत्र म्हटलं. पोरगी डोळे मिटूनच म्हणाली, "नना, अजून म्हण." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'नना' म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाकीच्याही जवळ सरकल्या.

भेटीच्या दिवशी तिचा तोच अबोला धरलेला भाऊ, अकली, अंजिरं घेऊन यायचा.

"तूही त्यांच्यातलाच का?" पहारेकऱ्यानं टोकलं.

"नाही. पण बहीण माझी आहे."

सुटून आली तेव्हा तिला वाटलं होतं, सगळं विस्कटलं असेल. मी तिला घ्यायला फाट्यावर गेले होते.

"कुणी उरलंय का गं?" तिनं विचारलं.

"नना, तुझं घर बंद झालं म्हणून आम्ही सात घरांत वाटून बसतो. दोन तर पलीकडच्या गावात आहेत."

"पलीकडच्या? तिथं आपलं कोण होतं?"

कुणीच नव्हतं. प्रार्थनाघराची पायरी जी माणसं जन्मात चढली नसती, ती शेजारणीकडे मीठ मागायला आली, दारात ऐकत उभी राहिली आणि हळूच आत येऊन बसली. त्यांच्यातल्याच दोघींच्या माहेरी, पलीकडच्या गावात, मग दोन घरं उघडली. आम्ही एकत्र होतो तेव्हा हे आम्हाला जमलं नव्हतं. सेक्कूरा रस्त्यातच बसून रडली. ते सगळे आनंदाचे अश्रू नव्हते. पाळक अजून आतच होते.

तिला भावानं आपल्या घरी ठेवून घेतलं. ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत मेलखेर तुरुंगातून सुटून, गाठोडं घेऊन त्याच दारात आली. "नना, माहेरचे घरात घेत नाहीत. आणि मला ती स्तोत्रं पुरी शिकायची आहेत."

वसंतात ओढ्यावर तिचा बाप्तिस्मा झाला. पाणी बर्फासारखं होतं. आम्ही गात होतो, आणि अकली काठावर घोंगडी पसरून उभा होता. "आटपा की आता," तो करवादला, "पोरगी गारठेल!"